खाणाऱ्याच्या तोंडाकडं

ठकूमावशी वाढून झालं की आत जात नसे. ताटापासून चार हातांवर, दाराच्या चौकटीला खांदा लावून उभी राहायची आणि जेवणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची. पहिल्या दिवशी मी इतका अवघडलो की घास गिळवेना. दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये असं शिकवलेल्या घरातला मी. म्हटलं, मावशी, तुम्ही तुमचं काम करा, लागेल ते मी मागून घेईन. ती ढिम्म हलली नाही. मी आमटीचा एक भुरका घेतला मात्र, ती वळली आणि आमसुलाचं पाणी घेऊन आली. आमटीला आंबट कमी पडलं होतं, आणि ते मला कळायच्या आधी तिला कळलं होतं.

“खाणाऱ्याच्या तोंडाकडं बघावं, मास्तर,” ती म्हणाली. “आपल्या हाताकडं बघून सैपाक येत न्हाई.”

पुढच्या दोन वर्षांत हे वाक्य तिने मला शंभरदा तरी ऐकवलं असेल. मी ऐकलं, हसलो आणि सोडून दिलं. ज्या दिवशी आठवायला हवं होतं नेमकं त्याच दिवशी आठवलं नाही. म्हणून तर आज, इतक्या वर्षांनी, हे लिहायला बसलो आहे.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मुळशीच्या शाळेवर माझी पहिलीच नेमणूक. धरणाच्या काठाने घरं, भाताची खाचरं, आणि वर टेकाडावर धरणावरच्या साहेबाचा बंगला. ठकूमावशी त्या बंगल्यावर स्वयंपाकाला होती. बंगल्याच्या मागे दोन खोल्या होत्या, तिथे ती आणि तिचा नवरा राहत. नवरा पूर्वी बंगल्याचा माळी. अर्धांगवायूने आडवा झाला तो पुन्हा उठलाच नाही. गावात खाणावळ कुठली असायला! मी शिधा आणून टाकायचा आणि संध्याकाळी तिच्या ओसरीवर जेवायचं, अशी माझी सोय लागली.

तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती. साहेबासाठी कोंबडी, धरणातले मासे, सगळं ती रांधायची, पण जिभेवर थेंब ठेवायची नाही. मीठ-तिखटाचा अंदाज वासावरून, आणि मग साहेबाच्या चेहऱ्यावरून. कोंबडी कापायला मात्र दुसऱ्या कुणाला बोलवावं लागे. “मेलेलं शिजवीन, जितं मारणार न्हाई,” असं तिने पहिल्याच दिवशी साहेबाला बजावलं होतं म्हणे. तिच्या हाताला चव होती, म्हणून साहेबाने ते चालवून घेतलं.

तिचं माहेर आणि सासर दोन्ही धरणात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी खाली उतरलं की देवळाचा चौथरा उघडा पडायचा. मग ती भांडी घासता घासता मला बोटाने दाखवायची, की हितं आमचा गोठा हुता, तितं जातं हुतं. रडणं नाही, सुस्कारा नाही. बाजारात जाऊन आल्यासारखं सांगायची. पण बंगल्यामागच्या त्या दोन खोल्या म्हणजेच तिचं गाव आणि तिचं घर होतं. त्या गेल्या तर आडवा पडलेला नवरा घेऊन तिने जायचं कुठे, हा प्रश्न तिच्या मनातून कधी हललेला मी पाहिला नाही.

आता त्या चार प्राण्यांचं सांगतो, कारण सगळं रामायण त्यांच्यावरून घडलं.

बंगल्यातल्या बाईसाहेबांचा भाऊ दार्जिलिंगकडे चहाच्या मळ्यावर होता. त्याने बहिणीला चार सॅलॅमँडर भेट दिले होते. त्यानंतर वर्षाच्या आत तो वारला. हे प्राणी दिसायला सरड्यासारखे, वीतभर लांब, तपकिरी. पण कातडी ओली आणि पाठीवर गाठींच्या रांगा. बाईसाहेबांनी ते काचेच्या मोठ्या पेटीत ठेवले होते, अर्ध्यात पाणी आणि अर्ध्यात दगड. रोज सकाळी त्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसत. गावात त्या प्राण्यांना ‘पाणपाली’ म्हणत. पाल अंगावर पडली तर डोक्यावरून आंघोळ करणारी माणसं ती. पेटीकडे कोण फिरकणार? त्यांचं खाणंपिणं बघायला तिकडच्या डोंगरातला एक नोकर प्राण्यांबरोबरच आला होता, आणि तो काय घालतो हे त्यालाच ठाऊक.

शिमगा झाला आणि दोन संकटं हातात हात घालून आली. तो नोकर रजेवर गेला तो परतलाच नाही. आणि बाईसाहेबांना ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं ठरलं. निघताना त्यांनी ठकूमावशीला पेटीपुढे बोलावलं आणि हे चार जीव तुझ्या हवाली, एवढंच सांगितलं. मोटारीत बसता बसता साहेबाने वर जोडलं की ही हिच्या भावाची ठेव आहे, जपली नाहीस तर खोल्या रिकाम्या करायच्या. साहेब थट्टेत बोलला की मनापासून, हे मावशीला कळलं नाही.

मग सुरू झालं तिचं रांधणं. पहिल्या दिवशी दूधभात, अगदी मऊ, बाळाला कालवतात तसा. दुसऱ्या दिवशी भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ. मग अंड्याचा बलक. मग मासा उकडून, एकेक काटा काढून. वाटी ठेवायची आणि पेटीसमोर उकिडवी बसून त्या चार तोंडांकडे बघत राहायची. तोंडं हलायची नाहीत. डोळे उघडे, पाय पसरलेले, समोर अन्न, आणि ते जणू दिसतच नव्हतं. अन्न पाण्यात विरघळून वास सुटायचा. मग ती सगळं पाणी उपसून, दगड धुऊन पुन्हा नवं पाणी भरायची. आत नवऱ्याची कूस बदलायची वेळ झालेली असायची, तो कण्हून बोलवायचा, आणि ही इकडून तिकडे पळायची.

“आजवर माज्या हातचं कुणी नको म्हनलं न्हाई,” दहाव्या दिवशी ती मला म्हणाली. “आन ही जित्राबं तोंड फिरवत्यात.”

जनावर वैरणीला तोंड लावेनासं झालं की मावळात त्याला मीठ चाटवतात. बैल असो नाहीतर शेळी; मीठ लागलं की तहान लागते आणि तहानेपाठोपाठ भूक येते. तिच्या बापाने बैलांना असंच उठवलं होतं. तेव्हा तिने पेटीतल्या पाण्यात खडेमीठ टाकायला सुरुवात केली, पाणी बदललं की चिमूटभर. मी ते बघितलं. मीही मान डोलावली, मला तर ती मोठी शहाणपणाची युक्ती वाटली. चार बुकं शिकलेला मी, पण त्या बाबतीत तिच्याइतकाच अडाणी होतो.

आठवडाभरात पहिला गेला. कातडी पांढरी पडून सालपटं सुटत होती. दुसरा चार दिवसांनी. तिने दोघांना मोरीमागच्या केळीखाली पुरलं आणि मीठ थोडं वाढवलं. एव्हाना ती नीट जेवत नव्हती. उठता बसता साहेब मुंबईहून कधी परततो याची धास्ती. मला म्हणाली की मास्तर, मला झोपेत पेटी दिसत न्हाई, खोल्याचं कुलूप दिसतंय.

माझा एक वर्गमित्र पुण्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होता. त्याला मी सविस्तर पत्र घातलं: प्राणी कसा दिसतो, काय काय खाऊ घातलं, मीठ किती घातलं, सगळं. हे मी महिन्यापूर्वीच का केलं नाही? सुचलं नाही, एवढंच. उत्तराची वाट बघताना मावशी पौडकडून येणाऱ्या टपालाच्या माणसाला रोज वाटेत गाठायची. शेवटी पाकीट आलं. ओसरीवर मी ते उघडलं, आणि ती चौकटीला टेकून माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

मित्राने लिहिलं होतं की यांना शिजवलेलं काही चालत नाही. हलणारं, जिवंत खाणं दिसलं तरच हे तोंड उघडतात. गांडुळं सगळ्यांत उत्तम. मोठं असेल तर तुकडे करून चिमट्याने तोंडापुढे हलवावं. बारीक किडे चालतील. दोन दिवसांआड घालावं, उरलेलं लगेच काढावं. पाणी गार हवं, उन्हाळ्यात तर फारच. हे सगळं मी मोठ्याने वाचलं. पुढची ओळ होती: “पाण्यात मिठाचा कणही जाऊ देऊ नका. हे प्राणी कातडीने पाणी पितात, मीठ त्यांना विष आहे. मेलेले दोन उपासाने नाही मेले, ज्याने मीठ घातलं त्याने मारले.”

मी वर बघितलं. तिचे डोळे माझ्या ओठांवर. महिनाभर राबून काळवंडलेला तो चेहरा. माझ्याच्याने ती ओळ वाचवली नाही. मी कागदाची घडी घातली आणि पुढे खुशाली आहे, असं सांगितलं. मग धूर्तपणे, सहज बोलल्यासारखं, म्हणालो की मावशी, आता मीठ नका घालू, गरज नाही.

“कागदात हाय का तसं?” तिने विचारलं.

नाही, मला आपलं वाटतं, मी म्हणालो.

“मग ऱ्हाऊ द्या. तुमी पोरांचं मास्तर, जनावराचं न्हाई.”

त्या क्षणी घडी उलगडायला कितीसा वेळ लागला असता? मी उलगडली नाही. मला वाटलं, आता खायला लागतील, हळूहळू तीच मीठ बंद करेल, आणि दोन जीव आपल्या हातांनी गेले हे या बाईला कधी कळणारच नाही. मला स्वतःच्या चांगुलपणाचं कौतुकसुद्धा वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जाताना मी डोकावलो. तिचा गळा मोकळा होता. माळ खुंटीला टांगलेली. पायांशी करवंटीत ओली माती आणि मातीत वळवळणारी गांडुळं. ती विळीवर बसली होती, आणि कितीतरी वेळ तिचा हात पुढे होईना. मग तिने तोंडातल्या तोंडात विठ्ठलाचं नाव घेतलं आणि पात्यावर पहिलं गांडूळ धरलं. मी तिथून निघालो. संध्याकाळी आलो तर ती ओसरीच्या पायरीवर माझी वाट बघत उभी होती, आणि तिचं तोंड फुललेलं होतं. दोघांनी खाल्लं होतं. डोकं कसं वळवलं, गपकन कसं ओढलं, गिळताना डोळे कसे मिटले, हे तिने मला तीनदा करून दाखवलं. आत जाऊन नवऱ्यालाही दाखवलं. तो एका बाजूने हसला.

चैत्र संपून वैशाख लागला होता. गांडूळ मिळवायचं म्हणजे ओल शोधायची. विहिरीचा काठ, बैलांच्या पाणवठ्याची कड, सगळीकडे ती खुरपं घेऊन हिंडली. बायका हसल्या, माळकरीण बाई किडे खणत्या म्हणून. शेवटी सगळीकडची माती भाजून निघाली आणि ओल उरली ती फक्त मोरीमागच्या केळीखाली. तिथेही तिने खणलं. पेटीला ओलं गोणपाट गुंडाळून, माठातलं पाणी घालून ती थंडावा राखत होती. आणि दर नव्या पाण्यात, खाल्लेलं पचावं म्हणून, ती चिमूट पडत होती. मला ठाऊक होतं. आज बंद करेल, उद्या करेल, असं म्हणत मी दिवस ढकलले.

पंधराव्या दिवशी तिसरा उलटा तरंगताना सापडला. त्याच्याही अंगाची सालपटं निघाली होती. ती कपाळाला हात लावून जमिनीवर बसली होती आणि स्वतःशीच पुटपुटत होती, की खात हुतं, चांगलं खात हुतं, मग का गेलं? माझं कुटं चुकलं? मला ते सोसवेना. मी खिशातून पत्र काढलं आणि म्हटलं, मावशी, त्या दिवशी एक ओळ मी वाचली नव्हती.

“वाचा,” ती म्हणाली.

मी वाचली. तिने पुन्हा वाचायला लावली. पुन्हा वाचली. मग ती उठली. उरलेल्या एकाला ओल्या फडक्यात घेऊन घमेल्यात ठेवलं, पेटी रिकामी केली, आणि मी मोजत नव्हतो पण दहा-बारा कळशा तरी पाणी तिने त्या काचेवर आणि दगडांवर ओतलं असेल. मला हात लावू दिला नाही. सगळं आटोपल्यावर पदराला हात पुसत ती माझ्याकडे वळली.

“तुमी माझं मन सांभाळलंत, मास्तर,” ती म्हणाली. “मला जनावर सांभाळायचं हुतं.”

एवढंच. आदळआपट नाही, शिव्याशाप नाहीत. ते परवडले असते. त्या संध्याकाळी तिने नेहमीसारखं ताट वाढलं, भाकरीवर ठेचा ठेवला, आणि आत निघून गेली. चौकट रिकामी होती. मी मान खाली घालून चार घास पोटात ढकलले. पुढेही मी तिथे जेवत होतो तोवर ती चौकटीत उभी राहिली नाही.

चौथा मात्र जगला. नुसता जगला नाही, त्याने चांगलं अंगही धरलं.

पाऊस तोंडावर आला तेव्हा बाईसाहेब परतल्या. वाळून गेल्या होत्या. मोटारीतून उतरून आधी पेटीकडे गेल्या, बराच वेळ आत बघितलं, आणि खुर्चीत बसून रडू लागल्या. मी पत्र खिशात घालून मुद्दाम बंगल्यावर गेलो होतो. सगळं सांगायचं ठरवलं होतं, अगदी शब्द जुळवून. साहेबाने मावशीला विचारलं की चार दिले होते, तीन कुठे गेले.

“मी पान्यात मीठ घातलं,” ती म्हणाली. “माज्या हातानं गेली.”

मी घसा खाकरला. साहेबाने वळून विचारलं की हे कोण, आणि यांचा काय संबंध. मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलली, की मास्तरांचा काय संबंद न्हाई. आणि मी गप्प बसलो. नोकरी नवी होती, साहेबाचं वजन वरपर्यंत होतं, बोलून तिच्या खोल्या वाचल्या असत्या असंही नाही. ही सगळी कारणं खरी आहेत. त्यातलं एकही पुरत नाही.

आठ दिवसांत खोल्या रिकाम्या झाल्या. बाजल्यासकट नवऱ्याला बैलगाडीत घातला, वर घोंगडी पांघरली, आणि कोळवणला तिच्या लांबच्या नणंदेचा गोठा होता तिकडे गाडी निघाली. मी पत्राची नक्कल करून बंगल्यावर दिली होती, अख्खी, मिठाच्या ओळीसकट. नव्या आचाऱ्याने ती वाचली आणि गांडुळाला हात लावायला साफ नकार दिला. तो पाव भिजवून घालत असे.

मी कोळवणला गेलो ते दोन वर्षांनी, बदलीचा हुकूम हातात पडल्यावर. तोवर धीर झाला नव्हता, हे सरळ कबूल करतो. भातकापणी चालू होती. नवरा पहिल्याच पावसाळ्यात, गोठ्याच्या ओलीत, गेला होता. ती दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जात होती. मला बघून तिने चूल पेटवली. गळा अजून मोकळाच होता. मी म्हटलं, मावशी, आता तरी माळ घाला, कोण बघायला बसलंय. ती म्हणाली की माळ खुंटीवरच बरी, खोटी कशाला घालायची.

तिने ताट मांडलं. नव्या तांदळाचा भात, वरून वरण, कडेला लिंबाची फोड. वाढता वाढता, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं:

“चौथं हाय का अजून?”

मला माहीत होतं की ते गेलं. ‘आहे, मजेत आहे’ हे शब्द अगदी जिभेवर आले. तिच्या हातातल्या पळीतून वाफ येत होती. आयुष्यात तिच्याजवळ उरलेली तेवढी एकच गोष्ट असेल, आपण जगवलेला तो एक जीव, असंही मनात येऊन गेलं.

“गेलं, मावशी,” मी म्हटलं. “तुम्ही निघाल्यावर महिन्याभरात. त्याला पाव घालत होते. पोटात काहीच गेलं नाही त्याच्या.”

पळी तशीच धरून ती बसून राहिली. डोळ्यांतून घळघळा पाणी आलं, ते तिने पुसलंही नाही. गोठ्यात म्हैस पाय आपटत होती.

“उपाशी गेलं म्हना की,” ती हळूच म्हणाली. आणि मग, “बरं केलं सांगितलंत.”

ठकूमावशी गेल्याचं मला पुढे फार उशिरा कळलं, कुणी पत्र घालायलाही नव्हतं. माझ्यासाठी ती तिथेच आहे, त्या गोठ्यात. त्या दिवशी तिने डोळे पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठली, जाऊन दाराच्या चौकटीला खांदा लावून उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली. मी भात कालवला आणि पहिला घास घेतला.